सिस्टरबाईंचं न उकळणारं पाणी

देवानं माणसांना कान वाटायला घेतले तेव्हा आमच्या सिस्टरबाई रांगेत दोनदा उभ्या राहिल्या असाव्यात, आणि जीभ वाटायची वेळ आली तेव्हा मागच्या कुणाचं तरी रडगाणं ऐकत बसल्यामुळं त्यांची पाळीच हुकली असावी, असं माझं पक्कं मत आहे. बोलणारी माणसं मी आयुष्यात खंडीनं पाहिली. कीर्तनकार पाहिले, वकील पाहिले, मतं मागायला येणारे पुढारी पाहिले. आणि आमच्या तुळजापूरच्या घरात तर बोलणं हाच पिढीजात धंदा. यात्रेकरू वेशीवर दिसला की त्याच्या आजोबाचं नाव सांगत सांगत त्याला घरापर्यंत आणायचा आणि पानावर बसवायचा, ही आमची विद्या. अशा घराण्यात जन्मलेला मी एका बाईपुढं कायमचा नमलो, आणि तेही तिच्या बोलण्यानं नव्हे, ऐकण्यानं. ऐकणं हे कुणी असं, अंगाला घाम येईस्तोवर, एखाद्या पैलवानानं जोर काढावेत तसं करू शकतं, हे मला त्या दवाखान्यात नोकरी लागेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दवाखान्यावरची उर्दू पाटी उतरवली होती, मराठी पाटी अजून वरून यायची होती, आणि मधल्या काळात पाटीच्या खिळ्यांवर चिमण्या बसायच्या. गाव नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याला चिकटून. दवाखान्यात आम्ही तिघंच: हैदराबादेत शिकलेले डॉक्टरसाहेब, मिक्श्चर ढवळणारा मी कंपाउंडर, आणि सिस्टरबाई. बाई उंच होत्या, रुंद होत्या, आणि पांढऱ्या पातळात दारातून आत आल्या की खोलीतला उजेड वाढल्यासारखा वाटायचा. चालताना चपलांचा आवाज असा व्हायचा की पोरं रडायची थांबायची. त्या मूळच्या कुठल्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी बीदर म्हणे, कुणी गुलबर्गा. मी रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं, "बाई, आपलं मूळ गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "तुमचं तुळजापूरच ना?" बस्स, एवढंच. तासाभरानं मी भानावर आलो तेव्हा माझ्या चुलत्यानं घराच्या वाटणीत आमच्यावर कसा अन्याय केला ते सगळं त्यांना सांगून झालं होतं, आणि त्यांचं गाव कुठलं ते मला अजूनही कळलेलं नव्हतं.

त्यांची पहिली आणि सर्वांत नामांकित खोड म्हणजे पाणी. त्या काळी इंजेक्शनच्या सुया प्रत्येक वेळी उकळून घ्याव्या लागत. वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टोव्ह, त्यावर पितळी भांडं, भांड्यात सुया. रोग्याला शेजारच्या स्टुलावर बसवून बाई म्हणायच्या, "पाणी उकळेपर्यंत बसा." माणूस बसला की दोन मिनिटांनी बोलायला लागतोच, कारण उकळणाऱ्या भांड्याकडं नुसतं बघत बसणं हे कुणाच्यानं होत नाही. आधी पाऊसपाणी, मग बैल, मग घरचं. आणि घरचं निघालं, पण अजून मुद्द्याला हात लागलेला नाही, असं दिसलं की बाई शांतपणे शेजारच्या घागरीतला तांब्याभर गार पाणी त्या भांड्यात ओतायच्या. उकळी आलेली असायची ती बसायची. माणूस बोलत राहायचा. पुन्हा उकळी, पुन्हा तांब्या. डॉक्टरसाहेब आतल्या खोलीतून वैतागून ओरडायचे, "क्या सिस्टर, सुई उबालरें कि पाये पकारें?" पाये म्हणजे बकऱ्याचे खूर, ते शिजायला रात्र लागते. बाई म्हणायच्या, "अजून कच्ची आहे, साहेब." सुई कच्ची की माणूस, हे त्या कधी स्पष्ट करत नसत.

एकदा एक ट्रक ड्रायव्हर हात कापून घेऊन आला. कांदे भरून हैदराबादला निघालेला, इंजिन बाहेर चालूच ठेवलेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन लगेच पळायचं म्हणत होता. बाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि भांडं स्टोव्हवर ठेवलं. पहिल्या उकळीपर्यंत त्यानं रस्त्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या उकळीला मालकाला दिल्या. तिसऱ्या वेळी बाईंनी तांब्या ओतला तेव्हा तो उठून बाहेर गेला. मला वाटलं पळाला. तो इंजिन बंद करून परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बायको माहेरी सोलापूरला हाय. म्याच घालवली. लई वाईट बोललो तिला." त्यानंतर पाणी उकळलं, इंजेक्शन झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती कांद्याची गाडी हमरस्त्यावर तोंड फिरवून सोलापूरच्या दिशेनं निघून गेली. हैदराबादकरांच्या जेवणाचं त्या दिवशी काय झालं असेल ते असो. बाईंनी त्याला 'जा' म्हटलं नव्हतं, 'जाऊ नको'ही म्हटलं नव्हतं. मी तोंडाचा आ वासून उभा होतो आणि हातातलं मिक्श्चर बुटांवर सांडलं होतं.

बोलणाऱ्याच्या तोंडाकडं त्या कधीही बघत नसत. समोर तर बसतच नसत. बाजूला बसायच्या, भिंतीकडं किंवा खिडकीकडं बघत, आणि त्याच्या हातात काहीतरी काम द्यायच्या. जुन्या मऊ धोतरांच्या पट्ट्या फाडून धुऊन ठेवलेल्या असायच्या, त्या गुंडाळायला लावायच्या. "तोंडाकडं बघितलं की माणूस जपून बोलतो," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "आणि हात रिकामे असले की लाजतो." गावचे पाटील गुडघा दाखवायला आले आणि भावाशी धरलेल्या अबोल्याविषयी बोलत दुपारभर पट्ट्या गुंडाळत बसले. पटका मांडीवर, मिशीचे आकडे खाली आलेले, आणि पाटील पट्टी गुंडाळताहेत! तपासणीला आलेले वरचे अधिकारी म्हणाले होते की एवढ्या नीट गुंडाळलेल्या पट्ट्या जिल्ह्यात कुठं पाहिल्या नाहीत. त्यातली एकेक पट्टी कुणी काय बोलत गुंडाळली होती ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्या बांधायला बंदीच केली असती.

बाईंच्या भांडवलात शब्द एकच होता: "बरं." पण तो त्या असा म्हणायच्या की समोरच्याला वाटावं, आपलं म्हणणं कुणीतरी दोन्ही हातांनी झेललं. कुणाच्या बैलाचा पाय मोडला तर एक "बरं", कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं तर दुसरं. मी पाळत ठेवून तो शब्द शिकायचा प्रयत्न केला. बाई रजेवर असताना एक म्हातारा आला आणि सांगू लागला की त्याचा थोरला भाऊ परवा वारला. मी खिडकीकडं बघत, आवाज जड करून म्हटलं, "बरं." तो ताडकन उठला. "बरं? काय बरं? माझा भाऊ मेला आन तुमाला बरं वाटलं?" त्याला शांत करायला मला चहा मागवावा लागला. तेव्हापासून मी त्या शब्दाच्या वाटेला गेलो नाही. ज्याचं त्याला साजतं.

आणि सल्ला? सल्ल्याच्या बाबतीत बाई महाकंजूष. कुणी रडून रडून शेवटी विचारायचं, "मग आता मी काय करू, बाई?" की बाई विचारणार, "तुम्हाला काय वाटतं?" मला हे ऐकून संताप यायचा. अहो, तुम्हाला सगळं कळलंय, एक वाक्य सांगून टाका की! मी स्वतः तर मिक्श्चरच्या बाटलीबरोबर प्रत्येकाला एक सल्ला मोफत द्यायचो. एक दिवस एका शेतकऱ्यानं बाटलीचं बूच लावता लावता मला सुनावलं, "कंपाउंडर, तुमी इतकं सांगता, पर घरला जाईस्तवर त्यातलं कायबी ध्यानात ऱ्हात न्हाय. बाई कायबी सांगत न्हाईत, पर मानूस घरला जाऊन तेच करतो." मी त्याच्या मिक्श्चरमध्ये साखर कमी घातली, एवढंच माझ्या हातात होतं.

दवाखान्यातलं बोलणं दवाखान्यातच, हा त्यांचा दंडक. भिंतीवर तसं लिहिलेलं नव्हतं, पण दवाखान्यातली पालसुद्धा तो पाळायची. तहसीलच्या कारकुनाची बायको एकदा पाटलांच्या घरचं काही हाती लागतंय का, म्हणून उगीचच डोकेदुखी घेऊन आली. जाताना ती स्वतःच्या नवऱ्याचं दारूचं प्रकरण सांगून, डोळे पुसत, दोन डझन पट्ट्या गुंडाळून गेली. पाटलांचं तिला काही मिळालं नाही. औषधांच्या खोलीत आणि वॉर्डात फक्त एक लाकडी पडदी होती, तीही खांद्यापर्यंत, आणि माझे कान लहानपणापासून तयारीचे; त्यामुळं पडदीपलीकडचं मला सगळं ऐकू यायचं, हे बाईंना माहीत होतं. संध्याकाळी निघताना त्या बोट दाखवून म्हणायच्या, "कंपाउंडरसाहेब, कान इथं खुंटीला लावून जा." मी लावून जायचो. आज हे लिहितोय ते त्यातली माणसं आता उरली नाहीत म्हणून.

पण बाईंचं खरं अस्त्र होतं थर्मामीटर. आमच्या भागातली एक रीत आहे: रोगी स्वतः कधी बोलत नाही. त्याच्यासाठी घरचे बोलतात. सून आजारी असली तर विचारूच नका. पोट तिचं, पण कुठं दुखतंय ते सासू सांगणार, कधीपासून ते नणंद सांगणार, आणि सून पदराच्या आड नुसती बसणार. बाईंनी यावर नामी उपाय काढला होता. सासूनं तोंड उघडलं रे उघडलं की त्या म्हणायच्या, "घरात एकाला ताप असला की दुसऱ्याचाही बघावा लागतो," आणि थर्मामीटर सासूच्या जिभेखाली. "ओठ घट्ट मिटा. काच फुटली तर पोटात जाईल." मग त्या थर्मामीटरचं तोंडातून बाहेर येणं बाईंच्या मर्जीवर. सासूचे डोळे गरागरा फिरताहेत, नाकातून हुंकार येताहेत, आणि सून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पोटाविषयी स्वतः बोलते आहे! असल्या वेळी मी पडदीवरून बघायचो आणि मनातल्या मनात साष्टांग घालायचो. पंचक्रोशीतल्या सासवा एकमेकींना सांगत, "त्या दवाखान्यात आजारी कुनीबी असू, ताप सासूचा बघत्यात."

तर अशात एके दिवशी, ऐन उन्हाळ्यात, मोठ्या शेतकरी घरची एक गाडी दारात आली. गाडीतून सासू उतरली, काटक, कपाळाला मोठं कुंकू, आवाज चाबकासारखा. मागून दोघींनी धरून सुनेला उतरवलं. कोवळी पोर, अठरा-वीसची असेल. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हते. सासू दारातूनच सुरू झाली. "हिला भायेरचं झालंय, डाक्टर. लेकरू मेलेलं जन्मलं, त्या दिसापासनं बोलत न्हाय, खात न्हाय. सोनारीला काळभैरवाला घालून आनली, आंगारा लावला, तरी ढिम्म. घरात ठरलंय आता. लगीनसराई सरायच्या आत बोलली-जेवली तर ऱ्हाईल. न्हायतर म्हायेरी धाडायची आन पोराचं दुसरं करायचं."

हे सगळं सुनेच्या देखत. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, शरीरात दोष नव्हता, पण नाडी इतकी क्षीण की त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "नै खायी तो ये लडकी मर जाती, मियाँ." दुसऱ्या लग्नापर्यंतही प्रकरण जायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिला वॉर्डातल्या खाटेवर ठेवून घेतलं. सासू सोबतीला राहिली. आणि आता सासूच्या तोंडात थर्मामीटर जाणार, म्हणून मी ढवळायची काडी खाली ठेवून पडदीला टेकून उभा राहिलो.

बाईंनी थर्मामीटर सुनेला लावला. सासूकडं वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बसा. दमला असाल."

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्यानं माझं डोकंच फिरलं. सून भिंतीकडं तोंड करून पडलेली; तिच्या ओठांत चमच्यानं साखरपाणी घालण्यापलीकडं बाई तिला एक शब्द विचारीनात. आणि सासूचं मात्र माहेरपण चाललेलं! सकाळी चहा, मग स्टोव्हपाशी स्टूल, हातात पट्ट्या, आणि "बरं". सासूनं आधी ज्वारीचं सांगितलं, मग विहिरीचं, मग जावेचं, मग पुन्हा ज्वारीचं. गार पाण्याचे तांबे जात होते. मला राहवेना. मी बाईंना गाठून म्हटलं, "अहो, मरायला टेकलीय सून, आणि तुम्ही सासूची बडदास्त ठेवताय?" बाई म्हणाल्या, "त्या पोरीला सगळ्यांचं विचारून झालंय. आता तिला कुणी काही विचारू नये." मी म्हटलं, "मग ती बोलणार कशी?" त्या म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड केलंय तिनं, कंपाउंडरसाहेब. कान उघडे आहेत." मला ते पटलं नाही. मी दिवसभर खलबत्त्यात जोरजोरात कुटून माझा निषेध नोंदवला.

आणि मग ती दुपार आली. बाहेर फुफाटा उडत होता, रोगी कुणी नव्हता. सासू पट्टी गुंडाळत होती. त्या दिवशी पट्ट्यांत एक लहानसा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला तुकडा आला होता. ती तो गुंडाळेना. मांडीवर पसरून त्यावरून नुसता हात फिरवत राहिली. चाबकासारखा तो आवाज एकाएकी खाली गेला.

"असल्याच धडप्यात गुंडाळली हुती," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. पाण्याला उकळी आली होती. त्यांनी तांब्या ओतला.

"माजी पयली. लेक. सटवाई पुजायच्या आतच गेली. मामंजींनी मळ्यात नेऊन पुरली. मला दावली बी न्हाय. रडाया लागले तर सासू म्हनली, रडलीस तर म्होरलं लेकरू बी जाईल. मंग न्हाय रडले. दुसऱ्या दिशी निंदायला गेले." बाई खिडकीकडं बघत होत्या. "मळ्यात एका जागी माती नवी दिसली. वळखलं म्या. नांगरट आली, आऊत त्या अंगाला यायला लागलं, माजा जीव ऱ्हाईना. काय सांगावं गड्यांला? वरडले, म्हनलं, तितं नाग हाय, फडी काढून बसलाय, म्या बघितला. तवापासनं तितं कुनी आऊत घातलं न्हाय. मामंजींनी धोंडा मांडला, शेंदूर फासला. दर नागपंचमीला सगळं घर दूध-लाह्या घिऊन जातंय तितं." तिनं तो तुकडा मुठीत घट्ट धरला. "नाग कवाच नव्हता, बाई."

जिच्यासाठी घरात एक टिपूस गाळू दिलं नव्हतं, तिच्यापुढं ते सबंध घर, तो सासरा, ती सासू, दीर, गडीमाणसं, इतकी वर्षं श्रावणात हात जोडून उभं राहात होतं, आणि एकीलाच ठाऊक होतं की आपण कुणाला दूध घालतोय. त्या बाईच्या धीराचं काय करावं ते मला कळेना. मला खूप रडू आलं, ते मी बोरिक पावडरच्या डब्यामागं उरकून घेतलं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घसा न वापरल्यानं गंजलेला, ऐकू येईल न येईल असा. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई. माजं कुठं पुरलं?"

सासू वळली. बाई मात्र वळल्या नाहीत; त्यांची नजर खिडकीतच होती, पण घागरीच्या काठावरचा त्यांचा हात घट्ट झालेला मी पाहिला.

"तितंच," सासू म्हणाली. "पोराला म्हनलं, नागोबाच्या राखनीत ऱ्हाऊ दे. तिच्या शेजारी. यकटं न्हाय ते, बाळे."

"मंग मला का न्हाय सांगितलं?"

"मला तरी कुनी सांगितलं हुतं?"

आणि ती पोर रडायला लागली. भिंतीकडचं तोंड वळवून, उठून बसून, अंगातलं सगळं बळ लावून रडायला लागली. सासू सवयीनं म्हणाली, "रडू न..." आणि ते वाक्य तिनं तिथंच टाकून दिलं. खाटेवर जाऊन बसली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तीही रडली; तिचं तर किती वर्षांचं साठलेलं होतं. बाईंनी स्टोव्ह बंद केला, आवाज न करता उठल्या आणि माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या पातळाची पाठ घामानं भिजली होती. म्हणाल्या, "कंपाउंडरसाहेब, थोडं दूध मिळेल का कुठं? तासाभरात ती मागेल." मी भर उन्हात अनवाणी धावलो. तिनं तासाच्या आतच मागितलं, पण बाईंचा अंदाज मोडू नये म्हणून की काय, गवळ्यानं दूध द्यायला तास लावला.

पुढं काही दिवसांत पोर कण्या खाऊ लागली, मग भाकरी. डॉक्टरसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "कौनसी दवा दिये, सिस्टर?" बाई म्हणाल्या, "तुमचंच टॉनिक, साहेब." आणि घरच्यांचं म्हणाल, तर दुसऱ्या लग्नाची बोलणी सासूनं एका वाक्यात मोडली. घरी जाऊन सगळ्यांपुढं सांगितलं, "नागोबा माज्या सपनात आला. म्हनला, हीच सून ऱ्हायची." जो नाग इतकी वर्षं नांगराला पुरून उरला, त्याच्यापुढं नवरदेवाचं काय चालणार!

त्या श्रावणात नागपंचमीला त्यांच्या घरून आम्हाला जेवणाचं बोलावणं आलं, बैलगाडीही आली. बाई कुणाकडं जात नसत. का कुणास ठाऊक, त्या वेळी आल्या. मळ्यात मधोमध शेंदूर लावलेला धोंडा, भोवती न नांगरलेली जमीन आणि तिच्यावर हिरवं गार गवत. सगळ्या घरानं पूजा केली, हात जोडले, आणि मंडळी जेवायला वस्तीकडं निघून गेली. मागं त्या दोघी सासू-सुना राहिल्या, बाई राहिल्या, आणि जरा लांबवर मी. सासूनं लाह्यांचं ताट बाईंच्या पुढं धरलं. बाईंनी चिमूटभर लाह्या धोंड्याच्या एका अंगाला वाहिल्या, चिमूटभर दुसऱ्या अंगाला. आणि ताटातून आणखी थोड्या लाह्या घेऊन, दोन पावलं बाजूला जाऊन, मोकळ्या गवतात वाहिल्या.

सासूनं ते पाहिलं. ताट खाली ठेवून माझ्याकडं वळली. "कंपाउंडर, बैलांला पानी दावा जावा."

"पिऊन झालंय त्यांचं," मी म्हटलं.

"परत दावा."

मी गेलो. बैलांना तहान नव्हती, ते माझ्याकडं नवलानं बघत होते. विहिरीपासून मला त्या तिघी दिसत होत्या. गवतात ओळीनं बसल्या होत्या, एकमेकींकडं न बघता. सून गवताच्या काड्या गोळा करून बाईंच्या हातात देत होती, आणि बाई त्या विणत होत्या की मोडत होत्या, एवढ्या लांबून कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की बाई बोलत होत्या. सासूची मान मधूनमधून हलत होती. बराच वेळ बोलत होत्या. माझ्यासारख्या जन्मजात कान लावणाऱ्याला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही, आणि तो यावा असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही.

पुढं राज्यं बदलली, जिल्हे इकडचे तिकडं झाले, बाईंची बदली कर्नाटकाकडं झाली, आणि मग त्यांचं काही कळलं नाही. त्या कुठल्या, कुणाच्या, त्यांचं काय हरवलं होतं, मला आजही ठाऊक नाही. त्या संध्याकाळी गाडीतून परत येताना त्या माझ्या समोर बसल्या होत्या, खूप दमलेल्या, आणि कशा कोण जाणे, लहान दिसत होत्या. हमरस्ता जवळ आला तेव्हा म्हणाल्या, "आज फार बोलले हो मी, कंपाउंडरसाहेब." मी नेहमीप्रमाणं काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, माझ्याजवळ त्या प्रसंगाला साजतील असे दहा तरी सल्ले तयार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मग मी रस्त्याकडं बघत बसलो, आणि त्यांना आणखी काही बोलावंसं वाटलंच, तर वेळ असावा म्हणून गाडीवानाला म्हटलं, बैल जरा हळू चालू दे.